फिशटँकसाठी घरी केलेले आपत्कालीन बंद-बटण: काय बंद व्हावे आणि काय चालू राहावे

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या फ्लॅटमध्ये आपली चार फुटी टाकी असून तिच्या खालच्या कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळणारी दुसरी छोटी टाकी, आहे. एका पहाटे वरचे जादा पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या ओव्हरफ्लोच्या जाळीवर पान अडकले, सम्पमधला रिटर्न पंप पाणी वर फेकत राहिला आणि काठावरून सांडलेले पाणी कपाटातल्या एक्स्टेंशन बोर्डापर्यंत पोहोचले. आई अनवाणी तिथे उभ्या होत्या आणि सहा प्लगांपैकी कोणता काढावा हे त्यांना समजत नव्हते. म्हणून दाराजवळ एकच लाल बटण असावे, ते दाबताच सगळे बंद व्हावे आणि पाणी वाढल्यास तेच काम आपोआपही व्हावे, अशी आपली अपेक्षा आहे. ही जोडणी घरी कशी करावी, असे आपण विचारले आहे.

अशी जोडणी करता येते, आणि मी गेली वीसएक वर्षे पुण्यात टाक्या बसवण्याचे व सांभाळण्याचे काम करताना ती अनेकदा केली आहे. मात्र आपल्या प्रश्नातल्या "सगळे" या शब्दाला माझी हरकत आहे. पहिले असे बटण मी एका ग्राहकाकडे बसवले तेव्हा मीही सगळेच एका तारेवर घेतले होते. घरचे लोक दोन दिवस गावी गेले असताना पाण्याचा सेन्सर खरोखरच चालला, पंप थांबला आणि दिवाणखान्यात एक थेंबही सांडला नाही. परंतु त्याच क्षणी हवेचा पंपही थांबला होता. भरपूर मासे असलेल्या, वरून काचेने झाकलेल्या त्या टाकीत पाणी हलतच नव्हते. घर कोरडे राहिले आणि मासे गेले. तेव्हापासून मी पहिल्या दिवशी तार हातात घेत नाही, कागद घेतो आणि उपकरणांची विभागणी करतो.

आपल्या टाकीत रिटर्न पंप, हीटर, यूव्ही दिवा आणि पाणी आपोआप भरणारा छोटा पंप आहे, असे आपण लिहिले आहे. हे चारही बटणाच्या कक्षेत घ्यावेत. पाणवनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर त्याचा सोलेनॉइड व्हॉल्व्हही त्यातच हवा, कारण पाणी थांबले आणि गॅस चालू राहिला तर मासे गुदमरतात. हवेचा पंप मात्र या कक्षेबाहेर ठेवावा. त्याचा सॉकेट वेगळा असावा, जमिनीपासून चांगला उंच असावा, पंप स्वतः पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगलेला असावा आणि नळीत एकदिशा व्हॉल्व्ह असावा. तो नसेल तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. पाणी गरम असेल तेव्हा हा पंप अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण २५ अंशांच्या गोड्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशांना तो ७.५ च्या आसपास उतरतो, तर माशांची गरज त्याच वेळी वाढलेली असते.

आता जोडणीच्या तत्त्वाकडे येऊ. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बहुतेकांनी पाहिलेला असतो. हिरवे बटण दाबले की कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, वीज जाते, कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, आत ओढला जातो आणि त्याचाच एक संपर्क कॉइलला धरून ठेवतो. लाल बटण दाबले, वीज गेली किंवा तार तुटली, तर कॉइल सुटते आणि मोटार बंद पडते. आपल्या बटणालाही हाच स्वभाव हवा. सर्व काही ठीक असताना कॉइलमधून वीज वाहत असली पाहिजे आणि कुठेही बिघाड झाला तर ती तुटून उपकरणे बंद पडली पाहिजेत. याच्या उलट, पाणी वाढल्यावर रिले (कॉन्टॅक्टरचाच छोटा भाऊ) "लागेल" अशी जोडणी पुष्कळ लोक करतात. त्यात सेन्सरची तार उंदराने कुरतडली तर महिनोन्महिने कोणाला पत्ता लागत नाही.

स्टार्टरचा एक गुण मात्र फिशटँकला जसाच्या तसा चालत नाही. वीज जाऊन आल्यावर स्टार्टर आपोआप लागत नाही, म्हणून तर शेतकरी त्याला "ऑटो" बसवतात. आपण कार्यालयात असताना दहा मिनिटे वीज गेली आणि त्यानंतर पंप संध्याकाळपर्यंत बंदच राहिला, तर फिल्टरमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. याउलट ऑटोसारखे सगळे आपोआप सुरू होऊ दिले तर सेन्सरने पंप बंद करताच टाकीतली पातळी उतरते, सेन्सर पुन्हा "ठीक आहे" म्हणतो, पंप लागतो, पातळी चढते आणि हा खेळ रात्रभर चालतो. म्हणजे वीज गेल्याची आठवण पुसली जावी, पण पाणी वाढल्याची आठवण माणूस येईपर्यंत टिकावी, असे दोन्ही हवे. यासाठी मी आठवण ठेवण्याचे काम १२ व्होल्टच्या वेगळ्या मंडलाला (सर्किटला) देतो आणि त्याला वायफाय राउटरसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावतो. घरोघरी आलेली ही छोटी डबी या कामाला फार सोयीची आहे.

जोडणी अशी करावी. मिनी यूपीएसच्या धन टोकापासून तार निघते ती प्रथम दाराजवळच्या लाल, छत्रीसारख्या डोक्याच्या बटणातून जाते. हे बटण दाबल्यावर अडकून राहणारे आणि फिरवून सोडवायचे असावे, आणि त्याचा नेहमी जोडलेला, म्हणजे एनसी, संपर्क वापरावा. तिथून तार टाकीच्या काठाजवळच्या फ्लोट स्विचमधून, म्हणजे पाणी चढले की संपर्क तोडणाऱ्या तरंगत्या स्विचमधून, आणि मग स्टँडखालच्या ट्रेमधल्या फ्लोट स्विचमधून जाते. त्यानंतर हिरवे बटण येते आणि त्याला समांतर पहिल्या रिलेचा स्वतःचा संपर्क येतो. शेवटी दोन रिलेंच्या कॉइल एकमेकींना समांतर जोडून ऋण टोकाला जातात. पहिला रिले फक्त स्वतःला धरून ठेवतो. दुसऱ्याचा संपर्क २३० व्होल्टच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज देतो. एकाच रिलेत दोन संपर्क असतात, मग दोन रिले कशाला, असे दुकानदार विचारील. एकाच रिलेच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवर एकीकडे १२ आणि दुसरीकडे २३० व्होल्ट आणणे मला मान्य नाही. दुसऱ्या रिलेचा खर्च फार नाही, आणि तो घातल्यामुळे टाकीत बुडालेल्या फ्लोटच्या तारांपासून घरची वीज दूर राहते. दोन्ही कॉइलवर एकेक १एन४००७ डायोड उलटा लावावा, म्हणजे कॉइल सुटताना उठणारा झटका फ्लोटमधल्या नाजूक संपर्काला बसत नाही.

तो संपर्क खरोखरच नाजूक असतो. फ्लोटच्या दांड्यात काचेच्या बारीक नळीतला रीड स्विच असतो आणि तरंगणाऱ्या गोळ्यात चुंबक असतो. बाजारातल्या सामान्य फ्लोटची क्षमता १० वॅटच्या आसपास असते. काही जण त्यातून थेट पंपाची २३० व्होल्टची तार नेतात. अशा वापरात संपर्क चिकटतो आणि मुख्य म्हणजे मुख्य वीज पाण्यात लोंबकळत राहते. आपल्या मंडलात दोन कॉइल मिळून २ वॅटच्या आसपासच घेतात, त्यामुळे फ्लोट वर्षानुवर्षे टिकतो.

फ्लोट कोणत्या बाजूने बसवायचा हे मल्टिमीटरवर पाहूनच ठरवावे. दांड्याच्या खालच्या टोकाची छोटी क्लिप काढून गोळा उलटा घातला की त्याची वागणूक उलटते. आपल्याला गोळा खाली असताना मीटर वाजायला हवा आणि वर उचलताच गप्प व्हायला हवा. टाकीतला फ्लोट नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे दीड सेंटीमीटर वर बसवावा आणि त्याभोवती उभ्या चिरा पाडलेल्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घालावा. ही टोपी नसेल तर गोगलगाय दांड्यावर चढून बसते आणि ऐन वेळी गोळा हलत नाही. समुद्री टाकीत तेच काम मिठाची पुटे करतात.

सम्पमध्ये पाणी वाढल्यावर रिटर्न पंप बंद करणारा फ्लोट बसवू नये. हा सल्ला सर्रास दिला जातो, पण पंप बंद केला की वरचे पाणी आणखी खाली येते आणि सम्प हमखास ओसंडतो. सम्पमधला वरचा फ्लोट फक्त पाणी भरणाऱ्या छोट्या पंपाला थांबवण्यापुरता ठेवावा, आणि तोही वीज गेल्यावर पाणी जिथपर्यंत चढते त्या रेषेच्या वर.

ती रेषा किती असते, हे आपल्याच मापांवर काढून पाहू. आपली टाकी १२० सेंटीमीटर लांब व ४५ रुंद आहे, म्हणजे पातळीच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे ५.४ लिटर पाणी आहे. रिटर्न पाइपचे तोंड पाण्याखाली ५ सेंटीमीटर असेल तर पंप थांबताच सायफनने, म्हणजे पाइपातून आपोआप उलटे ओढले जाऊन, २७ लिटर पाणी खाली येईल. सम्प ७५ बाय ३५ सेंटीमीटरचा आहे, म्हणजे त्यात सेंटीमीटरला सुमारे २.६ लिटर मावतात. याचा अर्थ सम्पमध्ये चालू स्थितीतल्या पातळीच्या वर किमान साडेदहा सेंटीमीटर मोकळी जागा हवी, आणि पाइपात व ओव्हरफ्लोत असलेल्या पाण्यासाठी मी आणखी तीन-चार धरीन. एवढी जागा नसेल तर लाल बटण दाबणे म्हणजे पूर वरून थांबवून खालून आणणे होय. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक छिद्र पाडले की तिथे हवा शिरून सायफन तुटतो. ते छिद्र दर आठवड्याला काडीने साफ करावे लागते, नाहीतर शेवाळ ते बुजवते. रिटर्न पाइपमधल्या एकदिशा व्हॉल्व्हवर मी भरवसा ठेवत नाही, कारण त्याच्या झडपेत कचऱ्याचा एक कण अडकला तरी पाणी गळत राहते.

आपल्याकडे जे घडले त्याचा दुसरा उपाय तर बटणाशिवायचा आहे. टाकीच्या काठापर्यंत आपल्याकडे ३ सेंटीमीटर मोकळे आहेत, म्हणजे १६ लिटरची जागा. सम्पमधल्या पंपाच्या कप्प्यात पंपाच्या तोंडाच्या वर १६ लिटरपेक्षा कमी पाणी राहील असा पडदा बसवला, तर ओव्हरफ्लो पूर्ण बुजला तरी पंप कोरडा पडेल आणि टाकी काठाशी थांबेल. माझ्या मते हे काम आधी करावे आणि बटण नंतर.

कपाटात कॅनिस्टर (टाकीबाहेरच्या बंद डब्याचा) फिल्टर लावण्याचा विचार असेल तर एक मर्यादा लक्षात असू द्यावी. त्याचे रबरी कडे फाटले की पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहत राहते आणि वीज तोडून काहीही फरक पडत नाही. तिथेही आत जाणाऱ्या पाइपला पातळीखाली काही सेंटीमीटरवर छिद्र पाडणे हाच इलाज आहे.

२३० व्होल्टच्या बाजूला स्वस्ताई करू नये. सर्वांत आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ, म्हणजे वीज गळू लागली किंवा भार फार वाढला की पुरवठा तोडणारा स्विच, हवा. वायरमन मंडळी त्याला आणि फक्त गळतीवर तुटणाऱ्या आरसीसीबीला सरसकट ईएलसीबी म्हणतात. दुकानात मागताना ३० मिलिअँपिअर हा आकडा स्पष्ट सांगावा, कारण १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात आणि ते माणसाला वाचवण्यासाठी नसतात. हाताचे स्नायू आखडून तार सुटेनाशी होते ती साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे, म्हणजे १०० च्या फार आधी. आपल्याकडे एलईडी दिवे आणि डीसी पंप असल्यामुळे "ए" प्रकारचा घ्यावा, कारण इलेक्ट्रॉनिक उपकरणांची अर्धवट सरळ झालेली गळतीही तो ओळखतो. हवेच्या पंपाला शक्य तर स्वतंत्र आरसीबीओ द्यावा, म्हणजे हीटरच्या गळतीने तो बंद पडणार नाही.

त्यानंतर दोन पोलचा (फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा), २० किंवा २५ अँपिअरचा मॉड्युलर कॉन्टॅक्टर घ्यावा. आपला भार तीन अँपिअरही नाही, पण मोठ्या संपर्काला चिकटण्याची भीती कमी असते. दोन पोलचा आग्रह यासाठी की फिशटँकच्या अनेक पंपांना दोन पिनांचा प्लग असतो, तो कसाही उलटसुलट बसतो, आणि जुन्या घरांत बोर्डातली फेज-न्यूट्रल अदलाबदलही आढळते. एकच तार तोडणारा स्विच अशा वेळी न्यूट्रल तोडतो, पंप थांबतो, आणि आपण हात घालतो त्या पाण्यातल्या पंपाच्या गुंडाळीला फेज तशीच लागलेली असते. मला हा अनुभव हाताला बारीक चीर असताना आला. चीर नसलेल्या हाताला काहीच जाणवले नव्हते आणि चिरेत मात्र मुंगी चावल्यासारखे झाले. कॉन्टॅक्टरबाबत आणखी एक: त्याची २३० व्होल्टची कॉइल सुमारे १९५ व्होल्टपर्यंत खात्रीने ओढते. आपल्या भागात संध्याकाळी दाब त्याखाली जात असेल तर तो गुरगुरतो आणि संपर्क जळतात. अशा ठिकाणी त्याऐवजी १२ व्होल्टच्या कॉइलचा, दोन पोलचा मोठा पॉवर रिले वापरावा आणि तो १२ व्होल्टच्या वेगळ्या अडॅप्टरवर चालवावा.

वायफायवर चालणारे प्लग आणि निळ्या रिलेचे छोटे बोर्ड याबद्दल आपण विचारले आहे. मोबाइलवर सूचना येण्यासाठी ते जरूर लावावेत. परंतु राउटर अडकला, प्रोग्राम थिजला, तरी चालले पाहिजे अशा कामात मी ते घालत नाही. त्या बोर्डांवर फेजची पट्टी आणि सेन्सरची पट्टी कधीकधी इतक्या जवळ असतात की दमट कपाटात त्यांच्यामधले अंतर उरतच नाही.

हे सारे झाकणबंद, पाण्याच्या तुषारांपासून सुरक्षित अशा डबीत बसवावे. डबी स्टँडच्या आत किंवा टाकीखाली न ठेवता बाजूच्या भिंतीवर, टाकीच्या पातळीच्या वर लावावी. तारा ग्लँडमधून (तारेभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) खालच्या बाजूने आत घ्याव्यात आणि प्रत्येक तारेला सॉकेटपूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, प्लगमध्ये जात नाही. तार दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी आणि टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबावेत. ही मुख्य विजेची बाजू परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी आणि त्याच वेळी अर्थिंग मोजून घ्यावे. आरसीबीओवरचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंग चांगले आहे असे होत नाही, कारण ते बटण गळती आतल्या आत निर्माण करते. दाराजवळच्या लाल बटणाकडे मात्र फक्त १२ व्होल्टची बारीक तार जाते, म्हणून ते ओल्या हाताने दाबायलाही हरकत नाही.

हीटरचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्याकडे हीटर थंडीचे दोन महिने चालतो आणि उरलेले दहा महिने माळ्यावर पडून राहतो. त्यात रबर कडक होते आणि डिसेंबरात पहिल्यांदा पाण्यात घातल्यावर गळती सुरू होते. शिवाय आतल्या थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटले तर तो थांबतच नाही. ३०० वॅटचा चिकटलेला हीटर २०० लिटर पाणी साधारण ४७ मिनिटांत एक अंशाने तापवतो. थोडी उष्णता हवेत जाते, तरी रात्री अकराला चिकटलेला हीटर सकाळपर्यंत बरेच काही करून ठेवतो, आणि पाणी सांडलेले नसल्याने फ्लोटला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून हीटरच्या तारेत वेगळा तापमान नियंत्रक घालावा. हीटर २६ अंशांवर आणि नियंत्रक २८ वर तोडणारा ठेवावा. नियंत्रकाची सळई पाण्यात दोन ठिकाणी पक्की बांधावी, कारण ती निसटून बाहेर लोंबली तर ती खोलीतली गार हवा मोजत राहते आणि हा पहारेकरी निकामी होतो. ३०० वॅटच्या एका हीटरऐवजी १५० चे दोन घेतले तर एक चिकटल्याने होणारे नुकसानही निम्मे होते.

जोडणी पूर्ण झाल्यावर सुटीच्या दिवशी, आपण घरी असताना, पुढील चाचण्या कराव्यात. टाकीतला फ्लोट हाताने उचलावा. पंप थांबला पाहिजे आणि फ्लोट सोडल्यावरही थांबलेलाच राहिला पाहिजे. हिरवे बटण दाबल्यावर तो पुन्हा लागला पाहिजे. ट्रेमध्ये तिथला फ्लोट उचलला जाईल इतके पाणी ओतून तोच प्रयोग करावा. मग बोर्डावरून वीज पाच मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करावी. या वेळी हिरव्या बटणाला हात न लावता पंप सुरू झाला पाहिजे. शेवटी मिनी यूपीएसमधून मंडलाकडे जाणारी १२ व्होल्टची पिन उपटावी. सारे बंद झाले पाहिजे. लाल बटण दाबून सम्पमध्ये पाणी कुठवर चढते तिथे मार्करने रेघ ओढावी. आरसीबीओचे बटण आणि फ्लोट यांची चाचणी दर महिन्याला करावी.

डबीवर आईंसाठी मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवावा. त्यावर लिहावे की पाणी दिसले की दाराजवळचे लाल बटण दाबायचे, हिरव्याला हात लावायचा नाही, आणि पाणी एखाद्या सॉकेटपर्यंत किंवा बोर्डापर्यंत पोहोचले असेल तर त्या पाण्यात पाय न ठेवता घराचा मुख्य स्विच पाडायचा. तेव्हा हवेचा पंपही थांबेल. त्यासाठी मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारा छोटा यूएसबी हवेचा पंप त्याच कागदाशेजारच्या खुंटीला अडकवून ठेवावा.